मकबूलचाचांचं भिंग

ह्या प्रकरणात काय लिहिणार ते सांगितल्यावर आमची मंडळी म्हणाली, "अहो, आत्मचरित्रात लोक तुरुंगवास लिहितात, परदेशवारी लिहितात. तुम्ही गळ्यावरचे फोड लिहिणार?" लिहिणार म्हटलं. तुरुंगात मी गेलो नाही, आणि परदेश म्हणाल तर नगरच्या पुढं सहसा गेलो नाही. तरुणपणी माझं जे काही व्हायचं ते ह्या गळ्यावरच झालं. मी दाढी ठेवतो त्याला आता एक जन्म होत आला. मास्तरकी केली तेव्हा पोरं पाठीमागं मला बुवा म्हणायची, आणि गावाला अजून वाटतं की मी कुठल्यातरी महाराजांच्या नादी लागलोय. महाराज-बिहाराज काही नाही. दाढी फोडांमुळं आहे. पण तिच्यावरून हात फिरवला की मला फोड आठवत नाहीत, सर्जा आठवतो.

नेकनूरपासून तीन कोसांवर आमचं गाव, त्यात आमचं दोन खणांचं माळवदाचं घर. पाऊस न पडल्याचं दुसरं वर्ष चाललं होतं. आडात पोहरा सोडला की पाण्याचा आवाज यायचाच नाही, दगडावर आपटल्याचा ठण्ण असा आवाज यायचा, आणि तो ऐकला की माय घरात बसल्या बसल्या म्हणायची, "आजबी न्हाई." आबा बैलं घेऊन गोदाकाठी मामाच्या गावाला गेलेले, कारण तिथं निदान चारा होता. घरात मी आणि माय. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना पार चिरा पडायच्या, आणि गार झाली की दातानं तुटायची नाही. तिच्याबरोबर हुलग्याचं माडगं नाहीतर नुसतं तिखट. माय पहाटे उठून दोन भाकरी फडक्यात बांधायची आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. संध्याकाळी आली की तिची बोटं मिटायची नाहीत. मी करडईचं तेल कोमट करून चोळायचो आणि ती म्हणायची, "तुजं सोसायटीचं एकदा पक्कं होऊ दे, मंग मी त्या हातोड्याकडं बघनार बी न्हाई." मीही शब्द दिला होता. एका महिन्यात तुला घरी बसवतो म्हटलं होतं.

सोसायटी म्हणजे गावची दूध सोसायटी. देवळामागं पत्र्याची एक खोली, चार कॅन, दुधात पाणी आहे का ते बघायचा लॅक्टोमीटर आणि भिंतीवर टोले देणारं घड्याळ, एवढा तिचा संसार. दुष्काळात दूध कुठलं असं कुणी विचारील. ज्यांच्या विहिरीला थोडं पाणी होतं त्यांच्या म्हशी होत्या, आणि सोसायटीत दूध घातलं तर पेंड मिळायची म्हणून बाकीच्यांनीही एखादी म्हैस ओढूनताणून जगवली होती. मी मॅट्रिक झालेलो, म्हणून माप घ्यायला मला एक महिना कच्चा ठेवला होता. महिना नीट गेला की पक्का. चेअरमन तात्यांची एकच अट होती. "दूध म्हंजी देवाचं काम हाय, मुरल्या. दुधात केस सापडला तर मी कुनाला तोंड दाऊ? रोज दाढी पायजे. सफाचट."

सर्जा माझ्याच वयाचा. आमच्या दोघांच्या घरांच्या मध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीला एक भोक, त्यातून आम्ही लहानपणी शेंगा द्यायचो-घ्यायचो. त्याला बाप नव्हता. त्याची माय सोनामावशी माझ्या मायच्याच ढिगावर खडी फोडायची. तिला धाप लागायची, म्हणून एका बाभळीच्या सावलीची जागा बायकांनी तिच्यासाठी ठरवून टाकली होती. आम्हाला मिसरूड एकदमच फुटलं आणि पहिली दाढी आम्ही एकाच ब्लेडनं केली. त्याचे केस सरळ आणि विरळ, माझे दाट आणि कुरळे. "तुज्या हनवटीला मेंढी बसवली बे देवानं," असं तो म्हणायचा.

आता दाढीचं सांगतो. गावात सितारामकाका एकटेच न्हावी. त्या साली पाणी प्यायला नव्हतं तिथं दाढीला कुठलं? सकाळी भरलेली पितळी वाटी ते दुपारपर्यंत पुरवायचे. पाचव्या-सहाव्या गिऱ्हाइकाला तर गाल नुसता ओला केल्यासारखा करून कोरड्यावरच वस्तरा. त्यात माझा मान वाढलेला. सितारामकाकांच्या हिशेबी उलटा हात, म्हणजे केसांच्या विरुद्ध खालून वर वस्तरा मारणं, हा फक्त नवरदेवाचा आणि पुढाऱ्यांचा मान. मी सोसायटीत लागल्यावर पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आता तू सोसायटीचा मानूस. तुला उलटा हात मारल्याबिगर सोडनार न्हाई मी." रोज दोन उलटे हात. गळा असा गुळगुळीत व्हायचा की माशी बसली तर घसरावी. वरून तुरटीचा खडा फिरवायचे, आणि मी डोळ्यांत पाणी आणून हसायचो, कारण मोठेपणा मिळाला होता ना!

दहा-बारा दिवसांत गळ्यावर आणि जबड्याखाली बारीक बारीक फोड आले. तांबडे, टणक, काहींच्या टोकाला पांढरं. खाजायचे, ठणकायचे. मायनं कडुलिंबाचा पाला वाटून लावला. शेजारच्या आजीनं हळद सांगितली. कुणी उष्णता म्हणालं म्हणून पांढरा कांदा खाल्ला. शेवटी गेरूचा लेप. सर्जा तर माझ्यासाठी नुसता पळत होता, पाला आण, गेरू उगाळ, आरसा धर. आणि गंमत बघा, लेप कुठलाही असो, तो अंगाला बसायला दाढी आधी सफाचट पाहिजे, यावर सगळ्या गावाचं एकमत. म्हणून आधी उलटा हात, मग औषध. जितकं औषध तितका वस्तरा, आणि जितका वस्तरा तितके फोड. आज आठवलं की मला आमच्या सगळ्यांच्या अकलेची कीव येते.

गळ्याला तांबडा गेरू फासून मी माप घ्यायला बसलो की बाया चरव्या जरा लांबच ठेवायला लागल्या. आधी म्हणाल्या घामोळं, मग नायटा, मग खरूज. एका सकाळी रखमाकाकूनं पदर तोंडाला लावून शेजारणीच्या कानात एक शब्द सांगितला, तो मला ऐकू आला. महारोग. माझ्या हातातलं माप कलंडलं आणि दूध सांडलं. दूध सांडलं ते सगळ्यांनी बघितलं.

त्याच आठवड्यात सोसायटीचं घड्याळ बंद पडलं. तात्या म्हणाले नेकनूरला जाऊन नीट करून आण. सर्जा म्हणाला, "मीबी येतो, एकला कावून जातो?" एसटीत घड्याळ घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलं. माझा गळा बघून शेजारचा माणूस उठून उभा राहिला. सर्जा मात्र मला चिकटून बसला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "बसू दे बे, आपल्याला ऐसपैस झालं." त्या दिवशी त्याच्यासाठी कुणी जीव मागितला असता तर मी दिला असता. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

मकबूलचाचा घड्याळवाले नेकनूरच्या बाजारात एका जिन्याखाली बसायचे. पांढरी दाढी, समोर काचेची पेटी, डोळ्यात रुतवलेलं काळं भिंग. त्यांचे वडील हकीम होते, पण चाचांना माणसांपेक्षा घड्याळं बरी वाटली. घड्याळ उघडून बघता बघता त्यांनी मान वर केली आणि भिंग तसंच डोळ्यात ठेवून माझ्या गळ्याकडं बघत राहिले.

"ये क्या थोपा रे गले कू?"

"गेरू."

"कायकू?"

मी सांगायला लागलो आणि मध्येच रडू आलं. भर बाजारात, मिसरूड फुटलेला बाप्या! महारोग हा शब्द काही तोंडातून निघेना. तो सर्जानंच सांगितला. चाचांनी शेजारच्या हॉटेलातून किटलीभर गरम पाणी मागवलं आणि फडकं भिजवून गळ्यावर धरायला लावलं. चांगलं घटकाभर. गेरू गेला, कातडी मऊ पडली. मग माझ्या हातांची बोटं फाकवून बेचक्यात बघितलं. "खरूज रैती तो हितं रैती. नै. नायटा गोल रैता, चकती के माफिक. वो बी नै." आणि काही कळायच्या आत गळ्याला सुईचं टोक लावलं. मी "आय्यो!" करून ओरडलो, तर हसायला लागले. "लगा ना? वो बडी बीमारीवाले कू लगताच नै. अब हिल मत."

त्यांनी भिंग जवळ आणलं, मग डोळ्यातून काढून सर्जाच्या हातात दिलं. "तू बी देख." सर्जानं एक डोळा मिटला, भिंग लावलं आणि माझ्या गळ्यापाशी इतका वाकला की त्याचा श्वास मला लागत होता. "आयला मुरल्या!" तो ओरडला. "केस हाय बे! कातड्याखाली गोल वेटोळं करून बसलाय! ह्यो बघ, ह्यो दुसरा!" मग चाचांनी उकलून सांगितलं. माझा केस कुरळा. वस्तरा उलटा मारला की तो कातडीच्या आत तुटतो, त्याला टोक येतं, आणि वाढताना तो वळून परत आतच घुसतो. अंगाला वाटतं काटा रुतला, म्हणून फोड. चाचांनी चिमटा दिव्यावर तापवून निववला, ज्या फोडात केसाची कमान वर दिसत होती तेवढ्याच तीन ठिकाणी हळूच तो उचलून बाहेर काढला आणि वरचा हुकासारखा आकडा कातरीनं कापला. ते तीन आकडे घड्याळाचे स्क्रू बांधायच्या पातळ कागदात ठेवून पुडी केली. म्हणाले, "तेरे चेअरमन कू दिखाना." माझा खिसा फाटका होता. सर्जा म्हणाला, "आन हिकडं," आणि पुडी त्याच्या खिशात गेली.

औषध काय, तर एक महिना वस्तरा बंद. रोज गरम फडकं. नखानं कोरायचं नाही, आत खोदायचं नाही, पू वाढला तर डॉक्टर गाठायचा. पुढं कधी दाढी केलीच तर भरपूर भिजवून, केस जिकडं वळतो तिकडंच हात, आणि खुंट थोडा राहू द्यायचा. "ये दाढी मय अल्ला के वास्ते रख्या सो हैच," चाचा स्वतःच्या दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "पर पैले इन फोडां के वास्ते रख्या." परत येताना मी एसटीत गाणं म्हणत होतो. महिनाभर दाढी ठेवायला तात्यांची परवानगी घ्यायची, तोंडाला स्वच्छ फडकं बांधून माप घ्यायचं, झालं. माय घरी बसणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या पत्र्याखाली तात्या आणि पंच मंडळी बसली होती. बाया चरव्या घेऊन उभ्या. रखमाकाकू म्हणाली, "ह्याच्या हाती आमी दूध देनार न्हाई. ह्याला तरी काढा, न्हाईतर आमाला." मी सगळं सांगितलं. फोड नाही, केस आहे, चाचांनी भिंगातून बघितलं. कुणीतरी म्हणालं, "घड्याळं नीट करनारा कधीपासून डागदर झाला?" लोक हसले. मी म्हणालो, सर्जानं सोताच्या डोळ्यानं बघितलंय, त्याला इचारा.

तात्या म्हणाले, "सर्ज्या, तू गेलतास न्हवं संगं? काय दिसलं?"

सर्जा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. ते आता छान चाललं होतं.

"मला काई दिसलं न्हाई, तात्या."

"आरं काय बोलतो बे?" मी म्हणालो. "वेटोळं करून बसलाय म्हनलास की! पुडी दाव. पुडी हाय न्हवं तुज्याकडं!"

"कसली पुडी?"

मी पुढं होऊन त्याच्या खिशात हात घातला. सदरा कालचाच होता. आत कंगवा निघाला आणि एसटीची तिकिटं, त्याचं आणि माझं. पुडी नव्हती. त्यानं माझा हात झटकला नाही, काही नाही, नुसता उभा राहिला. तात्या म्हणाले, "तू खोटा हायेस आसं मी म्हनत न्हाई, मुरल्या. पर दुधाचं काम हाय. बीडच्या मोठ्या डागदरचं लिहून आन, मंग बगू."

बीडला गेलो. डॉक्टरनं चाचांनी सांगितलं तेच सांगितलं आणि लिहूनही दिलं. पण त्यात आठ दिवस गेले. कागद घेऊन आलो तर मापाजवळ सर्जा बसलेला, चकचकीत दाढी करून. तात्या कागद उलटसुलट करून म्हणाले, "आता जागा भरली बाबा. ठिवून दे, कामाला यील." ठेवला आहे. अजून कामाला आलेला नाही.

नोकरी गेल्याचं मी एक वेळ गिळलं असतं. पण घरी गेलो तर मायनं माझा तांब्या वेगळा ठेवला होता. रांजणातलं पाणी मी घ्यायचं नाही, ती वरून ओतणार. मी कागद दाखवला, वाचून दाखवला. ती म्हणाली, "कागद काय, कुनीबी लिहून देतंय. सर्जा कावून खोटं बोलंल? तुज्या जिवाला जीव देनारं पोरगं." मी भिंतीवर डोकं आपटून घ्यायचं बाकी ठेवलं. भिंतीच्या पलीकडून सर्जाच्या घरातला स्टोव्ह ऐकू येत होता. लहानपणचं ते भोक मी त्या संध्याकाळी चिखलानं लिंपून टाकलं. चिखलाला पाणी लागलं म्हणून मायनं शिव्या दिल्या, त्याही खाल्ल्या.

मग मीही खडी फोडायला जायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी सर्जा तिथं आला. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल. त्यानं सोनामावशीच्या हातातला हातोडा काढून मुकादमाच्या पुढ्यात ठेवला आणि तिचा दंड धरून तिला उठवलं. तिला धापेनं बोलता येत नव्हतं, पण तोंडभरून हसत होती. मी आडवा गेलो. "कावून केलंस बे?"

"माज्या मायची छाती ऐकलीस का, कशी वाजती?" तो म्हणाला.

"मंग मला सांगायचं होतंस. मी सोडली आसती जागा."

तो मायला सावरत पुढं निघाला. मी खरंच सोडली असती का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण मला विचारायला तर पाहिजे होतं! ती दोघं पांदीनं गेली आणि बाभळीखालची सोनामावशीची जागा रिकामी झाली. माझी माय आपली पाटी ओढत तिथं जाऊन बसली आणि मला म्हणाली, "बरं झालं बाई, सुटली बिचारी." पुढचा पाऊस पडेपर्यंत माय तिथंच बसून खडी फोडत होती.

खडीवर कोण दाढी करतो? ती वाढली, आणि महिन्याभरात एक फोड राहिला नाही. माय म्हणाली, "बगितलंस, लिंबाचा पाला लागू पडला." मरेपर्यंत ती तेच सांगायची. माझ्या पोराबाळांना, सुनांना. गळ्यात केस होता हे तिनं कधी मानलं नाही, कारण सर्जाला दिसला नव्हता.

पुढं मी मास्तर झालो, बीडला राहायला आलो. चाचा गेल्यावर त्यांच्या मुलानं ते भिंग मला आणून दिलं. सर्जा सोसायटीत सेक्रेटरी झाला, नंतर चेअरमन. मी गावी गेलो की आमची वाट चुकायची, म्हणजे आम्ही दोघंही चुकवायचो. लोक म्हणतात आता म्हातारपणी सोडून द्यावं. लोकांचं काय जातं सांगायला.

परवा दारात एक तरणाताठा गडी उभा. सर्जाचा धाकटा. आठ दिवसांवर लग्न, आणि जबड्याखाली तांबडे फोड. रोज सलूनमध्ये जाऊन उलटा हात मारून घेत होता बेटा, नवरदेव ना! केस मात्र आईसारखे कुरळे. मी त्याला खिडकीत बसवलं, गरम फडकं दिलं, भिंग डोळ्याला लावलं. हात थरथरतात आता, तरी दोन केस वर काढून दिले. लग्नापर्यंत वस्तरा लावू नकोस, दाढी कातरीनं बारीक कर म्हटलं. पोरगं खूश झालं आणि आपणहून बोलायला लागलं.

"डागदरकडं चाललो होतो, काका. आन्नाच म्हनले, डागदरकडं जाऊ नको, मास्तरकडं जा. फोड न्हाईत ते, केस हाय, आत वेटोळं करून बसतोय. त्यांनी म्हनं तरनेपनी सोता भिंगातून बगितलाय."

मी भिंग खाली ठेवलं. गार झालेलं फडकं उचलून पिळलं.

"कुणाच्या गळ्यावर बघितला, ते सांगितलं का आण्णांनी?"

"न्हाई बा. इचारलं तर कूस बदलून झोपले."

मी त्याला उठवलं आणि हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. तिथं मायचा फोटो आहे. म्हटलं, "बाबा, आण्णा काय म्हणाले तेवढं इथं उभं राहून परत एकदा म्हण. जरा मोठ्यानं म्हण, तिला कमी ऐकू यायचं." पोरगं बावचळलं, माझ्याकडं बघायला लागलं. पण म्हणालं.